पहिला आकडा

सौद्याच्या दिवशी तासगावात
माझी बोटं पेनाला चिकटतात.
गोडाचं काम आहे, तक्रार नाही.
बावीस वर्षं उपाध्ये अडत्यांच्या उजव्या हाताला बसून
मी दुसऱ्यांनी उच्चारलेले आकडे लिहितो.
माझा स्वतःचा त्यात एकही नाही.

हमाल बॉक्स फोडतो. खरेदीदार वाकतात,
मूठ भरतात, चार दाणे जिभेवर,
बाकीचे पायाखाली.
मग सगळे गप्प.
पत्र्याकडे बघितल्यासारखं करत
एकमेकांकडे बघतात.
कुणीतरी आधी बोलावं लागतं.

चैत्रातला बुधवार, लॉट नंबर सतरा.
मणेराजुरीच्या शेवंता झांबरे यांचा हिरवा बेदाणा,
लांब दाणा, देठ साफ.
हसमुखशेठ खांबाशी उभे, कानाला फोन.
घरून आईचं बीपी सांगत होते बहुतेक.
शेठ जोरात म्हणाले, "एकशे चाळीस?"

उपाध्येंनी तेवढंच उचललं.
एकशे चाळीस, एकशे चाळीस, बोला पुढं!

ज्यांच्या तोंडात दाणा होता
त्यांचे चेहरे मी बदलताना बघितले.
मुल्लाभाईंना गंधकाचा वास आला.
आरवाड्यांनी दाणा उजेडात धरला,
म्हणाले, रंग वरवरचाय,
आणि थुंकले.
बेचाळीस. पंचेचाळीस.
एकशे एक्कावन्नला सौदा मिटला.
शेठ अजून फोनवर
मीठ कमी करायला सांगत होते.

दुपारी लॉट एकतीस.
तोच माल. निम्मे बॉक्स मागच्या गाडीतनं आले
म्हणून नंबर वेगळा,
पण पुठ्ठ्यावर तीच लाल खडूची फुली.
विजापूरहून आलेलं एक पोरगं, पहिलाच सौदा,
बोलायच्या आधी कुणाकडं बघायचं असतं
हे त्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं.
चघळलं, आणि लाजत म्हणालं,
"दोनशे."

झालं. मुल्लाभाईंच्या जिभेवर मध उतरला.
आरवाडे म्हणाले, असा रंग दोन सालात नाही बघितला,
आणि मूठभर दाणे खिशात टाकले,
नातवासाठी.
दोनशे अठरा.

मी दोन्ही आकडे एकाच शाईनं लिहिले.
बोललो नाही.
बोलून काय, खोटं कुणीच वागलं नव्हतं.
सकाळी त्यांना खरोखर आंबट लागलं,
दुपारी खरोखर गोड.

संध्याकाळी शेवंताबाई पट्टी न्यायला आल्या.
दोन पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या,
चष्मा कपाळावर सरकवला.
"एकच बाग, एकाच रॅकवर वाळवलेला.
मग सांगा की, भाऊ,
माझा माल यातला नेमका कुठला?"

ड्रॉवरमध्ये नमुन्याची पुडी होती.
डोळे मिटले, दोन दाणे दाढेखाली घेतले.
बाहेर सांडलेला माल झाडल्याचा आवाज.
आंबट लागला.
तेवढ्यात दोनशे अठरा आठवलं, गोड लागला.
मग एक्कावन्न आठवलं.
बावीस वर्षांत माझी जीभ
वहीची नोकरी कधी धरून बसली, कळलंच नाही.

म्हटलं, मावशी, तुम्हीच सांगा.

"मला साखरेचं दुखणं," त्या म्हणाल्या,
"बारा सालं झाली,
आमच्या रानातला दाणा मी तोंडात घातला नाही."

तरी पुडीत बोटं घातली. एकच दाणा.
पट्ट्यांकडं पाठ करून चघळत राहिल्या,
बराच वेळ.
मी सवयीनं पेनाचं टोपण काढलं.

"वरच्या ओळींचा आहे," म्हणाल्या,
"टेकाडाकडच्या. पोराच्या लग्नात
तिकडचं पाणी दोनदा चुकलं होतं. तेच लागतंय."

मी वही उलटसुलट बघितली.
लॉट, बॉक्स, वजन, दर.
हे लिहायला रकाना नव्हता.