झोन तीन

निरोगी कुंपण घड्याळासारखं बोलतं.
टिक्. टिक्. सेकंदाला एक.
आजारी पडलं की चट् करतं,
तापल्या तव्यावर थुंकी पडावी तसं.
बारा वर्षं हेच ऐकतोय मी
बेनोनीतल्या भिंतींना कान लावून.
पाली जळून चिकटतात तारेला,
हडीडा पक्षी बीममधून
पेन्शनरासारखा सावकाश चालत जातो
आणि कंट्रोल रूममध्ये कुणाचा तरी चहा निवतो.

आज फेरेरा म्हाताऱ्याकडे. झोन तीन.
रोज रात्री, तीनच्या सुमाराला.

त्यानं भिंत दाखवली मला,
दाराच्या चौकटीवर पोरांची उंची दाखवावी तशी.
इथवर होती, कमरेएवढी, आम्ही आलो तेव्हा.
पलीकडची बाई कोपर टेकून बोलायची बायकोशी.
लिंबं यायची. वाडगा रिकामा कधी परत गेला नाही.
मग सायकल चोरीला गेली : चार थर विटा.
मग समोरच्या घरात ते झालं
(काय, ते बोलला नाही) :
सहा फूट, वर खिळे, वर आठ तारा.
बायको गेली तेव्हा बीम.
ती आजारानं गेली. तरी बीम.

आता कोण राहतं पलीकडे?
"पांढरी गाडी आहे," तो म्हणाला.

शिडी लावली.
पलीकडून ग्रॅनडिलाचा वेल चढून आलेला.
केसाएवढा तणावा
दवात भिजून तिसऱ्या तारेला टेकायचा,
जळायचा,
की वेल दुसरा पाठवायचा.

पक्कडीनं तोडला.
एक फळ अलीकडे पडलं, जांभळं, सुरकुतलेलं.
म्हातारा ते ओंजळीत धरून उभा राहिला जरा.
"त्यांचं आहे. देऊन ये."

म्हणून मी, ल्वाझी माबासो,
एका हातात पक्कड, एका हातात फळ,
पलीकडच्या फाटकाशी, कॅमेऱ्याच्या तोंडासमोर.
"कोण?"
कुंपणवाला.
"आम्ही नाही बोलावलं."
तुमचं फळ आहे.
आत काहीच हाललं नाही,
पण कुणीतरी लाल बटण दाबलंच.

चार मिनिटांत गाडी आली.
सवयीनं मोजली मी. चार मिनिटं चांगली आहेत.
पिस्तुलावर हात ठेवून उतरला झेंझेले,
डेव्हिटनचा, आमच्याच गल्लीतला,
आमच्या दोघांच्या घरांना मिळून
एक कडी आणि एक बहिरा कुत्रा.
"या हिवाळ्यात तिसऱ्यांदा तूच," तो म्हणाला
आणि हात खाली घेतला.

बॉनेटवर बसून फळ कापलं.
पक्कडीनं काही नीट कापलं जात नाही.
बिया चोखत त्यानं रिपोर्ट भरला : खोटा अलार्म.
मी माझा : वेल. काढला.
मूळ पलीकडे आहे, हे लिहायला रकाना नव्हता.

कॅमेरा अजून बघतच होता.
झेंझेलेनं उरलेली अर्धी वाटी
त्याच्यासमोर उंच धरली,
हवीय?