यंदा कुणाला?

फेर्राराच्या धुक्यात सायकली आधी ऐकू येतात,
मग दिसतात.
नीवेस गुइदोबोनी, वय एकोणऐंशी,
पाव घ्यायला आत शिरते तेव्हा
बेकरीवाला गल्ल्यावरूनच विचारतो,
"यंदा कुणाला?"

त्याला तिने दोनदा मारलंय,
एकदा भट्टीत, एकदा किल्ल्याच्या खंदकात,
आणि दोन्ही वेळा तो पुस्तक घेऊन
सहीला हजर, बायकोसकट.
औषधवाली, चर्चचा घंटावाला, नोटरी,
सगळे होऊन गेलेत.
नोटरीची तर अजून कुरकुर आहे
की मला तिसऱ्याच पानावर संपवलंत.

ओत्ताविया, तिची मैत्रीण, तीही खूनच लिहिते,
पण तिची सगळी भिस्त विषावर.
गुरुवारी भोपळा भरलेली कापेलाच्ची खात
दोघी प्रेतं वाटून घेतात:
नदी तुझी, तटबंदी माझी.
शेजारच्या टेबलावरचा परगावचा माणूस
कॉफी तशीच सोडून उठतो.

एकच घर दोघींनी कधी वापरलं नाही.
कोपऱ्यावरचं, लाल विटांचं.
तिथे लीदिया, त्यांच्या वर्गातली,
जिन्यावरून पडली
असं बासष्ट साली ठरलं.
नवरा तिचा परवापरवापर्यंत
हॅट उचलून विचारपूस करायचा.

चव्वेचाळीस पुस्तकं झाली दोघींची मिळून.
प्रत्येकात शेवटी कुणीतरी पकडलं जातं.

आज ओत्ताविया म्हणाली, "तो गेला. झोपेत."
नीवेसने पाव मोडला, खाल्ला नाही.
बोटांचा चुरा झटकला, वही ओढली,
आणि लिहिलं:
त्या जिन्याला पायऱ्या अकराच होत्या.