बारा शब्द

मनामाच्या सूकमागची गल्ली.
आमचं दुकान दोन माणसं उभी राहिली की भरतं.
मी फुटलेल्या काचा बदलतो,
चार्जिंगच्या भोकातली वाळू सुईनं काढतो.
गेल्या वर्षापासून लोक आणखी एक काम आणतात:
"ते डिजिटल पैसे. मला जमेल असं करून दे."

सुभान मुकादम, बाणकोटचा,
परांची बांधतो. पस्तिसाव्या मजल्यावर हात हलत नाही,
इथे काचेवर बोट ठेवताना हलत होता.
मुलीची नर्सिंगची फी, सोमवार शेवटचा,
एक्स्चेंजची रांग वळणापर्यंत,
आणि याला सुट्टी फक्त शुक्रवारची दुपार.

मी पत्ता दाखवला. बेचाळीस अक्षरं, मुंग्यांची ओळ.
"यात एक मुंगी चुकली तर?"
तर गेले.
"कुणाकडे गेले?"
कुणाकडेच नाही.
"मग मॅनेजर?"
मॅनेजर नाही, चाचा. बँकच नाही.
त्यानं फोन काउंटरवर पालथा ठेवला,
नको असलेलं ताट सरकवावं तसा.

मग मी मुंग्यांवर एक नाव पांघरलं: नाझनीन.
आता बोट फक्त लेकीच्या नावावर ठेवायचं.
(त्याचे रुपये कसे करायचे ते तिला येतं.
तिला सगळं येतं, तो म्हणाला.)
आधी एकच डॉलर पाठवा.
"एकच?"
शितावरून भाताची परीक्षा.
हे लगेच कळलं. चार महिने मी जे
कुणाला समजावू शकलो नव्हतो, ते एका शितानं केलं.
बाणकोटहून आवाज आला, "अब्बा, आला!"
मागं कोंबडं आरवत होतं, भलत्याच वेळी.

मालक अबू खलील कोपऱ्यात चहा ढवळत होते.
म्हणाले, माझा बाप तुमच्या रुपयात मोती विकायचा.
रुपया गेला, दिनार आला,
शंभर फिल्सला आम्ही अजून रुबियाच म्हणतो.

राहिले बारा शब्द.
फोन हरवू दे, समुद्रात पडू दे,
या बारांनी तिजोरी पुन्हा उघडते.
कुणाला दाखवायचे नाहीत. भावालाही नाही.
"पण मला इंग्रजी वाचता येत नाही."

ज्यांनी हे बनवलं त्यांनी सगळ्यांचा विचार केला होता,
चोराचा, सरकारचा, बुडणाऱ्या बँकेचा.
सुभानचाचाचा राहून गेला.

दार लोटून घेतलं. मी एकेक वाचला,
त्यानं चौथीपर्यंतच्या मराठी वळणात लिहिला,
सिगारेटचं पाकीट उलगडून, आतल्या बाजूला.
प्रत्येकाचा अर्थ विचारला.
लॅडर? शिडी. "ही तर माझीच."
ऑयस्टर? कालव.
"आमच्या खडकावरची!" आणि पहिल्यांदा हसला.
(बाकीचे सांगत नाही. सांगणार नाही.)
मग डोळे मिटून पाढ्यासारखे म्हणत बसला,
एकदा सरळ, एकदा शेवटाकडून.

निघताना दारात थांबला.
"तू वाचलेस. म्हणजे तुलाही कळले."
हो.
"मग आता?"
विसरतो.
"शब्द दे."
दिला. तेरावा.

तेव्हापासून विसरायचं चालू आहे.
पण प्रत्येक बांधकामाला शिडी टेकलेली असते,
मासळीबाजारात कालवं बर्फावर उघडी पडलेली.
रात्री मुद्दाम क्रम मोडतो,
सातवा तिसऱ्याच्या जागी ढकलतो, अकरावा गिळतो,
पहाटेपर्यंत सगळे आपापल्या जागी परत येऊन बसलेले.

काल तो आला, काच बदलायला.
"विसरलास?"
कधीच.
माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं त्यानं,
आणि फोन, कुलूप उघडून, माझ्या हातात दिला.