पाडायची भिंत

शनिवारी दुपारी आम्ही भिंत पाडतो.
आठवडाभर रचलेली, छातीएवढी,
कळंब्याच्या आयटीआयमागच्या शेडमध्ये.
मातीच्या गाऱ्यातली, म्हणून विटा सुट्या होतात,
घासून, मोजून पुन्हा थप्पीला.
चारशे बारा. गेल्या शनिवारी चारशे पंधरा होत्या.
तीन माझ्या हातून फुटल्या, वहीत लिहिलंय.

मणेर सर ओळंबा सोडतात
आणि लोखंड डुलायचं थांबेस्तोवर श्वास धरतात.
"दोन सूत बाहेर. पाड."
बरोबर असली तरी "पाड"च म्हणतात.

पहिल्या दिवशी हजेरीत माझं नाव वाचून
त्यांनी चष्मा वर केला होता.
"शिवणाचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे, मंजुळा."
"माहिताय सर."
मग त्यांनी गुण्या हातात दिला. एवढंच.

आई बावीस वर्षं घमेलं वाहते.
राजारामपुरीत, ताराबाई पार्कात, उचगावच्या प्लॉटांवर
तिच्या डोक्यावरून चढलेल्या इमारती
ती केएमटीच्या खिडकीतून दाखवते,
ही आपली, ती आपली.
मुकादमाच्या वहीत तिचं नाव नाही,
"बाई" लिहितात, समोर आकडा.
परांचीवर उभ्या बाप्याला मिस्त्री म्हणतात.

पुढं काय, हे डबा खाताना निघतं.
शिरोळचा बाहुबली म्हणतो, अप्रेंटिस, मग कतार.
त्याचा मामेभाऊ तिथं फरशी बसवतो,
इकडं घरावर स्लॅब पडला.
धैर्यशीलला सुपरवायझर व्हायचंय,
पिवळी नको, पांढरी टोपी पाहिजे.
मी भाकरी चावत राहते.
गोकुळ शिरगावचा कुणी ठेकेदार
बोर्डावर कागद चिकटवून गेलाय,
"गवंडी पाहिजेत. फक्त मुलं."
"फक्त" मी नखानं खरवडून बघितला.
कागद फाटला, शब्द राहिला.

मार्चमध्ये सरांनी सिमेंट आणलं. खरं.
टाकीशेजारी पंपाची खोली, एकास सहा.
"कोपरा मंजुळा धरंल."
कुणी हसलं नाही. धैर्यशीलनं दोरी आणून दिली.
कोपरा चुकला की सगळी भिंत चुकते,
बाराव्या थरापर्यंत माझे तळवे उलले होते.
ओळंबा लागला. लोखंड थांबलं. सर थांबले.
काहीच बोलले नाहीत,
"पाड"सुद्धा नाही.

त्या शनिवारी हाताला काम नव्हतं.
आई रोज बुडवून आली.
शेडच्या दारात चप्पल काढू लागली,
मी म्हटलं, देऊळ न्हवं, आई.
भिंतीला तिनं हात लावला नाही.
वाकून खालच्या थरापासून सांधे बघत गेली,
कोपऱ्याशी थांबली, एक डोळा मिटून वर पाहिलं,
मी वर्षभर शिकले तसं.
मग म्हणाली,
"उद्या पाणी कोण मारतंय हिला?"
उद्या रविवार, सुट्टी, मी म्हणाले.
"भिंतीला कसली गं सुट्टी?"
आणि पदर खोचून
बादली शोधायला लागली.