एकदाच दिसेल

माझगावच्या ऑफिसात, सर्व्हरच्या खोलीत
आज मी एकटीच.
एसी बंद. त्याच्याखालची निळी बादली
पहिल्यांदाच कोरडी.
अकरा यंत्रं परवा दारूखान्यात गेली, किलोच्या भावानं.
निवृत्त होताना पेडणेकरांनी किल्ली दिली होती, लाल दोऱ्याची,
"कुलूप राहील का माहीत नाही. पण असू दे."

काळा पडदा. त्यात लुकलुकणारी उभी रेघ.
तिला घाई नसते, कंटाळाही येत नाही.
मी हुकूम टाकते: अवजार उतरव.
टक्के चढतात, एकोणनव्वदवर अडतात,
गोदीत कुठला तरी भोंगा होतो,
मग पुढे सरकतात.

नाव घेऊन हाक मारली
तर उत्तर: असं कुणी सापडलं नाही.
असं कसं? आत्ताच तर घरात आणलं!
आणलं, पण वाट सांगितली नाही.
शेल बिचारं ठरलेल्या चार आळ्या फिरतं
आणि हात हलवत परत येतं.
पाचवी आळी लिहून दिली त्याच्या यादीत,
खिडकी मिटली, नवी उघडली, पुन्हा हाक.
ओ आली, आवृत्तीच्या आकड्यासकट.

मग चौकशी सुरू.
ओळख-चावी? दिली.
गुपित चावी?
ही एकदाच दिसेल, असं बजावलेलं.
चाळीस अक्षरं, ना अर्थ ना उच्चार,
श्वास रोखून उतरवली.
खोलीची किल्ली खिळ्याला असायची, कॅलेंडरमागे,
सगळ्यांना ठाऊक, चहावाल्या इस्माईललासुद्धा.
चोरी कधी झाली नाही.

प्रदेश कोणता? विचारतं.
लांबलचक यादीत माझं शहरही आहे,
एक दिशा आणि एक आकडा होऊन.
तेच लिहिलं.
म्हणजे इथंच कुठंतरी असणार आपलं बिऱ्हाड,
खाडीपल्याड, नाहीतर टेकडीआड,
बिनपाटीच्या एखाद्या इमारतीत.
ढग म्हणतात खरं,
पण ढगाचीही फरशी कुणी पुसत असेल,
कुणाचा डबा असेल तिथं, रात्रपाळी असेल.

पहिला प्रश्न विचारला: आपलं काय काय आहे, दाखव.
उत्तर आलं, एक चौकोनी कंस.
उघडला. मिटला. मध्ये काही नाही.
इतकं नीटस रिकामपण मी पाहिलं नव्हतं.
इथं रॅकवर निदान धूळ आहे,
यंत्राच्या मापाचे स्वच्छ चौकोन सोडून बसलेली.

पेडणेकर यंत्रांना मासळीची नावं ठेवायचे,
सुरमई, रावस, मांदेली.
"मुडदुशी आज तापलीय गं," म्हणत
टेबलफॅन तिच्याकडे वळवायचे, स्वतः घामाघूम.

आता यंत्र उभं करायचं.
आधी नुसती तालीम. तशी सोय आहे,
हुकुमाच्या शेवटी दोन आडव्या रेघा नि एक शब्द.
उत्तर आलं, तेही चूक म्हणून:
झालं असतं.
पण तालीम होती, म्हणून केलं नाही.

फोन लावून पेडणेकरांना वाचून दाखवलं.
पलीकडे कुकरची शिट्टी, मग थोडा वेळ काहीच नाही.
"मस्कतची नोकरी," ते म्हणाले,
"अगदी असंच झालं असतं बघ."
मग हसले. "आणि हे चूक म्हणून सांगतं होय?
हुशार आहे."

तालमीचा शब्द खोडला. एंटर.
प्रलंबित.
प्रलंबित.
चालू.

नावाचा रकाना कोरा.
कंपनीचा नियम आहे, विभाग, वर्ष, क्रमांक.
मी लिहिलं, मुडदुशी.
सोमवारी कुणीतरी विचारेल, तेव्हा बघू.

खोलीत आवाज नाही.
कुठंतरी, या शहरातच, पंखा फिरू लागला असेल.
माझा कान उगाच
रॅककडे.