अंगठा घरी

बँजो म्हटला की जैतापुरात आम्ही समजतो
तो आडवा लाकडी खोका,
वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली पोलादी तारा,
मागून वायर निघते ती ॲम्प्लिफायरला,
ॲम्प्लिफायर हातगाडीवर, शेजारी जनरेटर,
आणि जनरेटरच्या धुरात साक्षात गणपती.
जय भवानी बँजो पार्टी. सुपाऱ्या घेतल्या जातील.
बटणांवर मी. ढोलकीवर विलास नाटेकर.

त्या वर्षी याकूब मुकादम जहाजावरून उतरला
तो काखेत एक काळी पेटी घेऊन.
उघडली तर आत तवा.
तव्याला लांब दांडा, तव्यावर कातडं,
कातड्यावरून पाच तारा.
"बँजो," तो म्हणाला.
विलास म्हणाला, "आंबोळी घाल त्याच्यावर."

मग तो सांगत बसला, बिडीमागून बिडी.
नॉरफोक बंदर. कोळसा भरायला सात दिवस.
डोंगरातून गाड्या यायच्या,
कोळशाबरोबर डोंगरातली माणसं उतरायची
आणि रविवारी धक्क्यामागच्या शेडमध्ये वाजवायची.
एक फिडल, एक गिटार, एक चिमुकलं मेंडोलिन, हा तवा,
आणि सगळ्यांत मिळून माइक एकच.
ज्याची पाळी तो पुढे, वाजवून झालं की मागे,
कुणी कुणाकडे बघत नाही, कोपर लागत नाही.
"रापण ओढताना नाही का,
शेवटचा दोर सोडतो आणि पाण्याशी जाऊन पुन्हा धरतो,
तसं."

गळा इतका वर चढवायचे म्हणे
की मानेची शीर मोजावी.
किनाऱ्यावरून होडीला हाक मारतात, त्या पट्टीत.
"आणि गाण्यात काय?"
"काय असणार? घर मागं राहिलं.
गाडी चुकली. आई गेली तेव्हा मी नव्हतो.
पण चाल बघशील तर वरातीला लावावी!"
तो हसला, आणि बिडी विझली होती ती ओढत राहिला.
याकूबच्या आईची तार
त्याला सुएझमध्ये मिळाली होती, अकराव्या दिवशी.

चार तारा दांड्याच्या टोकापासून निघतात.
पाचवी मधूनच, अर्ध्या वाटेवरून,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, बाजूच्या खुंटीला.
तिच्यावर बोट दाबायचं नाही.
फक्त अंगठ्यानं छेडायची.
सूर तोच, तोच, पुन्हा तोच,
बाकीच्या कुठंही भटकोत.
मी विचारलं, हिचं काम काय?
याकूबनं बोटांत पत्र्याची नखं चढवली.
"बोटांना जायचं तिथं जाऊ दे.
अंगठा घरी."

श्रावणात कातडं ढिलं पडलं.
तवा भिजल्या कोंबडीसारखा बोलू लागला.
याकूबनं तो चुलीशी धरला, हळूहळू फिरवत,
मध्येच टिचकी मारून, कान लावून.
तेव्हा विलास पहिल्यांदा गप्प झाला.
पुडी शेकताना आपण करतो तेच हे,
तीच टिचकी, तोच कान.
उठला, ढोलकी आणली, पडवीत मांडी घातली.

काय वाजवलं ते मला नीट सांगता येणार नाही.
याकूबला तीनच गाणी येत होती, तिन्ही अर्धी.
पण साकवावरून पोर पळतं ना, फळी हलते म्हणूनच न थांबता,
तसं काहीतरी.
रेडे उठून उभे राहिले.
विलासची बायको पीठ भरल्या हातांनी दारात आली
आणि म्हणाली, भाकरी करपली.

मिरवणुकीत मात्र तो तवा कधी वाजला नाही.
आमच्या भोंग्यांपुढं त्याचा आवाज
तिसऱ्या घरापर्यंतही पोचेना.

याकूब गेला तेव्हा मी चिपळुणात होतो,
लग्नाच्या सुपारीवर, चांगल्या हसऱ्या चालीत.

आता तो पार्टीच्या खोलीत टांगलाय,
दमट लागू नये म्हणून खाली चाळीसचा बल्ब.
पाचवी तार तुटली होती,
विलासनं सायकलच्या ब्रेकवायरीचा एक धागा बसवला,
खरखरते, पण आहे.
चौथीला आम्ही ढोल बाहेर काढून ठोकून बघतो
तेव्हा भिंतीवरचं कातडं आपोआप घुमतं.
नवी पोरं दचकतात.
विलास म्हणतो, थांबा जरा,
त्याचं होऊ दे.