दुसरा ठसा

जस्ताचा पत्रा, तळहाताएवढा.
त्यावर शाई, डांबरासारखी दाट.
मस्यू ऑब्रँ काढत काहीच नसत,
पुसत असत.
चिंधीनं कपाळ, अंगठ्यानं गाल,
ब्रशच्या उलट्या टोकानं मानेवर सुटलेली बट.
तळघरातून कुणी दिवा घेऊन चढावं
तशी बाई हळूहळू वर यायची.

मी चाक फिरवायचे.
बातिन्योलच्या त्या गारठलेल्या खोलीत
कागद भिजवायचा, टिपायचा, पत्र्यावर निजवायचा
आणि चाकाला लोंबकळायचं सगळ्या अंगानिशी.
आटप, शाई सुकतेय, ओरडायचे ते,
जणू बाईच उठून चालली आहे.

टोप्यांच्या दुकानातली, कॅफेतली,
कुणी तर नुसतीच जिन्यात भेटलेली.
ते नावं विचारत नसत.
मी विचारायचे.

लेओकादी धुलाईच्या दुकानात होती.
डाव्या गालावर भाजल्याचा डाग,
इस्त्रीच्या टोकाएवढा.
कागद सोलून काढला, तर डाग उजवीकडे.
तिचा नवरा हसला: चुकलं की हो, साहेब.
मालकीण म्हणाली, ही कोण भलतीच.
लेओकादी कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाली,
मीच आहे ही.
रोज सकाळी आरशात हीच असते.
तुम्ही कुणी पाहिलेलं नाही हिला.

एका पत्र्याचा एकच ठसा, असा नियम.
पण मस्यू जेवायला गेल्यावर
उरल्यासुरल्या शाईवर मी दुसरा कागद ठेवला.
उमटला तो फिका,
श्वासानं धुरकटलेल्या काचेपलीकडचा.
डोळे आहेत की नाहीत कळेना,
डाग तर उतरलाच नव्हता.
हा तुला घे, मी म्हटलं.
तिनं उजेडात धरला, परत दिला.
हिची न् माझी ओळख नाही.

पहिला एका दंतवैद्यानं नेला, चाळीस फ्रँकला.
दुसरा माझ्याकडे आहे, फडताळात,
पिठाच्या डब्यामागे.

पत्रा त्याच दुपारी मी पुसला, टर्पेंटाइननं.
संध्याकाळी दुसरी कोणी बसायची होती.
चिंधी काळीकुट्ट:
तीत लेओकादी, तीत तिच्याआधीची तांबड्या केसांची,
आणि ती खोकणारी, जिचं नाव
विचारायचं राहून गेलं.

शनिवारी धुण्यात गेली ती चिंधी,
लेओकादीच्याच हातात.
दोनदा उकळली, राखेत घोळली, दगडावर आपटली.
निघत नाही गं हे, म्हणाली.

राहू दे, म्हटलं.